नवा कारभारी नेमावा कीं जुनाच ठेवावा?

इ. स. २०२५ ची विजयादशमी २ ऑक्टोबर रोजीं होती. नांदेडच्या आमच्या घरीं नेहमींप्रमाणें सरस्वतीपूजन झालें. पाटावर पोथ्या मांडल्या, नातवाची पाटी मांडली, आणि नऊ वर्षांची वहिवाट म्हणून घरांतील संगणकासहि झेंडूची माळ व आपट्याचें पान वाहिलें. शाळेंतून सेवानिवृत्त झाल्यावर, २०१६ सालच्या दसऱ्यासच, हा संगणक आम्हीं विकत घेतला होता. पूजा आटोपून आम्ही त्यावर पंचांग पाहूं लागलों, तोंच पडद्यावर सूचना उमटली, कीं या संगणकावरील विंडोज १० या प्रणालीस मिळणारें संरक्षण १४ ऑक्टोबर रोजीं समाप्त होत आहे. हळदकुंकू अजून ओलें होतें, आणि पूजिलेल्या देवतेचें आयुष्य बारा दिवसांचें उरलें होतें!

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं ही सूचना आली असेल. कांहींनीं ती न वाचतांच मिटविली असेल. कांहींनीं घाबरून दुसऱ्याच दिवशीं नवा संगणक आणला असेल. या दोहोंपैकीं एकहि न करतां आमच्या कुटुंबानें जो विचार केला, तो येथें सांगण्याचें योजिलें आहे. आम्ही या शास्त्रांतील तज्ज्ञ नाहीं. मॅट्रिकनंतर संस्कृताचें अध्ययन केलें आणि तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, एवढीच आमची विद्या. परंतु संसारांतील वस्तु केव्हां बदलावी आणि केव्हां सांभाळावी, हा प्रश्न यंत्राचा नसून गृहस्थाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही प्रणाली म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. संगणक हा वाडा मानला, तर कार्यप्रणाली हा त्या वाड्याचा कारभारी होय. कोणास आंत घ्यावयाचें, कोणता कागद कोणत्या कोठींत ठेवावयाचा, छपाईच्या यंत्रास काय सांगावयाचें, हें सारें तोच पाहतो. हा कारभारी कितीहि हुशार असला, तरी त्याच्या व्यवस्थेंत फटी राहून जातात. चोर त्या शोधीत असतात, आणि कारभारी पुरविणारी कंपनी त्या बुजविण्याचें साहित्य दर महिन्यास पाठवीत असते. ‘संरक्षण संपलें’ याचा अर्थ इतकाच, कीं यापुढें हें साहित्य यावयाचें नाहीं. वाडा पडत नाहीं, कारभारीहि मरत नाहीं; १५ ऑक्टोबरच्या सकाळीं संगणक नेहमींसारखाच सुरू होतो. मात्र त्या दिवसापासून सांपडणारी प्रत्येक नवी फट उघडीच राहते.

मराठवाड्यांतील जुन्या घराण्यांस हा प्रकार अगदींच अपरिचित वाटूं नये. निजामाच्या राज्यांत हाली सिक्का चालत असे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या वाडवडिलांच्या जिभेवर असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, म्हणून हाली रुपया दुसऱ्या दिवशीं खोटा ठरला नाहीं. तो कलदाराच्या जोडीनें कांहीं वर्षें चालत राहिला आणि १९५९ पर्यंत व्यवहारांतून पूर्णपणें गेला. ज्यांनीं या मुदतींत आपली पुंजी बदलून घेतली, त्यांचें कांहीं गेलें नाहीं. ज्यांनीं गाडगें पुरूनच ठेवलें, त्यांच्या नातवंडांच्या हातीं नाणीं आलीं खरीं, परंतु बाजारानें तीं ओळखलीं नाहींत. नाण्याचें रूप तेंच, वजन तेंच. बदललें होतें तें घेणाऱ्याचें मन.

संगणकाच्या बाबतींत असें प्रथमच घडलें, असेंहि नाहीं. विंडोज एक्सपीचें संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजीं संपलें, विंडोज ७ चें १४ जानेवारी २०२० रोजीं. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं आली आणि दहा वर्षांनीं तिचीहि पाळी आली. दहा-तेरा वर्षांनीं कारभारी बदलावा लागतो, हें ज्यानें एकदां लक्षांत घेतलें, त्याला ही सूचना आकाशांतून पडल्यासारखी वाटणार नाहीं.

दसऱ्यानिमित्त लातूरचीं मंडळी आमच्याकडे आलेलीं होतीं. आमचे धाकटे बंधु लातुरास असतात. त्यांचा मुलगा अभियांत्रिकी शिकण्यासाठीं आमच्याकडे नांदेडास राहतो, आणि आमच्या कन्येची मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं त्यांच्याकडे लातुरास राहते. शिकवणीच्या बाबतींत लातूरची कीर्ति वाचकांस ठाऊक आहेच. चुली दोन असल्या, तरी घर एक आहे, आणि घराचे सारे कागद नांदेडच्या या संगणकावरच असतात. तेव्हां जेवणें आटोपल्यावर माजघरांत सर्वांची बैठक बसली.

बंधूंनीं आयुष्यभर बँकेंत हिशेब तपासले आहेत. ते म्हणाले, “दादा, संगणक चालतो आहे ना? मग बदलावयाचा कशासाठीं? घड्याळाची हमी संपली म्हणून कोणी घड्याळ फेकून देतो काय?”

आमच्या सूनबाईंनीं एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम केलेला आहे, आणि घरांतील सारे ऑनलाइन अर्ज त्याच भरतात. त्या म्हणाल्या, “काका, घड्याळांतून कोणी घरांत शिरत नाहीं. मामंजींचें निवृत्तिवेतन, शेतीचे उतारे, बँकेचे व्यवहार, सगळें मी याच संगणकावर करतें. त्याला पहारा नसेल, तर निदान पैशांचें काम तरी मी त्याच्यावर करणार नाहीं.”

सूनबाईंची भीति पोकळ नव्हती. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकांत शिरून सर्व कागदांस कुलूप लावी आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. दीडशेंहून अधिक देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडींत सांपडले; इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोग्यांना परत पाठवावें लागलें. यांतील मर्म असें, कीं ज्या फटींतून हा चोर शिरला, ती बुजविण्याचें साहित्य १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, उपलब्ध झालेलें होतें. ज्यांनीं तें लावलें, ते वांचले. पुढें २७ जून रोजीं त्याच फटीचा उपयोग करणारा ‘नॉटपेट्या’ नांवाचा दुसरा घातक प्रोग्राम आला, आणि त्यानें आपल्या महाराष्ट्रांतील न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प केलें. तेव्हां ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडचीच आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

बंधूहि स्वस्थ बसणारे नव्हेत. ते म्हणाले, “आणि नवीन साहित्य लावल्यामुळेंच यंत्रें बंद पडलीं, तें कोणी सांगत नाहीं!” तेंहि खरेंच होतें. १९ जुलै २०२४ रोजीं एका सुरक्षा-कंपनीनें पाठविलेल्या सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें पंचाऐंशीं लाख विंडोज संगणक एका दिवसांत निकामी झाले. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें देण्याची वेळ आली. सारांश, नवें म्हणून तें निर्दोष, असेंहि म्हणतां येत नाहीं. कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभीं सूत्रधाराच्या तोंडून जुन्यानव्याविषयीं हाच विवेक सांगितला आहे, आणि तो नाटकाइतकाच यंत्रासहि लागू पडतो.

आतां पुतण्यानें नव्या प्रणालीची चौकशी केली. विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली. तिच्यासाठीं संगणकांत टी. पी. एम. २.० ही व्यवस्था लागते, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सुरक्षित ठेवणारा एक लहानसा चौकीदार. शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आमचा होता सहाव्या पिढीचा! कंपनीनें अशा तपासणीसाठीं दिलेला प्रोग्राम चालवितांच ‘हा संगणक पात्र नाहीं’ असा निकाल मिळाला. ही अट चुकवून प्रणाली चढविण्याच्या युक्त्या आहेत, हें पुतण्यानें सांगितलें. परंतु कंपनीनें स्वतः अशा संगणकाची जबाबदारी नाकारली आहे. पाया न तपासतां माडी चढविण्यासारखें तें झालें असतें, म्हणून तो मार्ग आम्हीं सोडला.

उरले तीन मार्ग. एक, नवा संगणक घेणें. दुसरा, मुदतवाढ. घरगुती ग्राहकांसाठीं कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाचें वाढीव संरक्षण देऊं केलें. तें पैसे भरून मिळे, किंवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यांत जपून ठेवण्यास संमति दिल्यास विनामूल्यहि मिळे. तिसरा मार्ग पुतण्याच्या आवडीचा, म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा आरंभ केला. ती विनामूल्य असते, जुन्या यंत्रावर हलकी चालते, आणि तिची घडण सर्वांस पाहतां येते. पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें याच पायावर ‘बॉस’ नांवाची भारतीय भाषांस अनुकूल अशी प्रणाली केली आहे. केरळांतील सरकारी शाळांतहि मुक्त प्रणालीवरच मुलें शिकतात. अडचण एवढीच, कीं कांहीं छपाईयंत्रें आणि डिजिटल सहीचीं कांहीं साधनें विंडोज गृहीत धरूनच केलेलीं असतात.

वाद येथवर आला आणि तेथेंच घुटमळूं लागला. बंधु काटकसरीस सोडीनात, सूनबाई सुरक्षिततेस सोडीनात, पुतण्या लिनक्सला सोडीना. इतका वेळ आमची सौभाग्यवती निमूटपणें आपट्याचीं पानें निवडीत होती. ती म्हणाली, “यंत्र कोणतें ठेवायचें, तें तुम्ही ठरवा. पण आजेसासऱ्यांची वही त्या यंत्राबरोबर जाणार कीं राहणार, एवढें मला सांगा.”

माजघर एकदम शांत झालें. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे.

आमचे आजोबा कंधार तालुक्यांतील एका गांवीं पटवारी होते. १९४६ पासून १९५० पर्यंतच्या त्यांच्या तीन खासगी वह्या आमच्या घरीं आहेत. सरकारची भाषा उर्दू, परंतु या वह्या मोडींत. बाजारभाव, पाऊसपाणी, कोण गांव सोडून गेला, कोण परत आला, असल्या नोंदी त्यांत आहेत. शाई फिकी पडलेली नाहीं, कागद अजून चिवट आहे. परंतु आमच्या पश्चात् घरांत मोडी वाचणारें कोणी नाहीं. आम्हीं ती आजोबांच्या मांडीवर बसून शिकलों. पुढें शाळांतून मोडी गेली आणि पुढच्या पिढीस ती मिळाली नाहीं. हें जाणून आम्हीं २००४ पासून त्या वह्या देवनागरींत उतरविण्यास आरंभ केला. रोज अर्धें पान याप्रमाणें संगणकावर चारशें बारा पानें झालीं.

याच काळाविषयींच्या आमच्या वडिलांच्या आठवणी बंधूंनीं २०११ सालीं त्यांच्याच आवाजांत मुद्रित करून ठेवल्या होत्या. वडील दोन वर्षांनीं गेले. तें मुद्रण लातूरच्या संगणकावर होतें, आणि त्या एकाच जागीं होतें. विंडोज ७ चें संरक्षण संपावयाचें होतें, तेव्हां आम्ही दोघांनींहि “आतां सगळें नव्या यंत्रावर नेऊं” असें ठरविलें. मग लग्नसराई आली, मग परीक्षा आल्या, आणि “पुढच्या महिन्यांत करूं” असें म्हणतां म्हणतां २०२० च्या चैत्रांत ती तबकडीच निकामी झाली. दुरुस्ती करणाऱ्यानें बरीच खटपट केली. हातीं कांहीं लागलें नाहीं. यांत दोष यंत्राचा नव्हता. प्रत्येक तबकडी केव्हां तरी बंद पडणारच. दोष आम्हां दोघां भावांचा होता. वडिलांचा आवाज गेला, आणि तो कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं. सौभाग्यवतीनें वहीचें नांव काढतांच बंधूंनीं मान खालीं घातली, ती याच कारणानें.

पुतण्यानें तेथल्या तेथें वहीची प्रत आपल्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. पडद्यावर आलीं तीं इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी! एकहि मराठी शब्द नाहीं. आमच्या छातींत धस्स झालें. मोडीची जी गत झाली, तीच आमच्या हयातींत आमच्या देवनागरीची झालेली होती: लेख आहे, वाचक नाहीं.

हें कसें झालें, तें समजून घेण्यासारखें आहे. कारण मराठींत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं टंकलेखन केलेल्या असंख्य घरांची आणि छापखान्यांची हीच स्थिति आहे. त्या काळच्या टंकांत संगणक मनांतून इंग्रजी अक्षरेंच नोंदवी. टंक फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला, कीं आंतील इंग्रजी उघडें पडे. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. या अनागोंदीवर उपाय म्हणून भारतीय लिपींचें एक प्रमाण १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ठरविलें, आणि त्याच सालीं जगांतील सर्व लिपींसाठीं निघालेल्या ‘युनिकोड’ या प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली. युनिकोडांत ‘क’ हा कोठेंहि ‘क’च असतो, यंत्र बदला, टंक बदला, तो बदलत नाहीं. विंडोजमध्यें देवनागरीची ही सोय विंडोज २००० पासून आली. मराठीस हवा असलेला ‘ॲ’ तर युनिकोडांत २००८ सालीं दाखल झाला. म्हणून फार जुन्या प्रणालीवर त्याच्या जागीं नुसता चौकोन दिसे. कौतुकाची गोष्ट ही, कीं खुद्द मोडीसहि २०१४ सालीं युनिकोडांत स्थान मिळालें आहे.

आतां आमचा मार्ग स्पष्ट झाला. संगणक बदलण्याचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न वहीला संगणकाच्या दास्यांतून सोडविण्याचा. विजयादशमीच्याच सायंकाळीं त्या कामास हात घातला. जुना टंक युनिकोडांत बदलणारे प्रोग्राम आहेत. परंतु त्यांच्या हातीं वही देऊन निश्चिंत होणें म्हणजे विद्यार्थ्याच्या हातीं उत्तरपत्रिका तपासावयास देणें होय. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं नोंदली जाई, कारण ती डोळ्यांस आधीं दिसते; युनिकोडांत ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चार तसा आहे. ‘कर्म’ या शब्दांतील रफार पूर्वीं शेवटीं नोंदत. आतां त्यांतील ‘र्’ उच्चाराप्रमाणें ‘म’च्या आधीं येतो. वैयाकरणास हा बदल मान्यच होईल! परंतु रूपांतर करतांना नेमक्या याच ठिकाणीं घोटाळे होतात.

म्हणून आम्हीं रोज रात्रीं पाठ लावला. आम्ही मोडी वहीवरून मोठ्यानें वाचीत असूं, आणि सूनबाई पडद्यावरील मजकूर ताडून पाहत. एके रात्रीं त्यांना हसूं आवरेना. आजोबांनीं आत्याबाईंच्या लग्नाच्या खर्चांत आचाऱ्यांस पांच रुपये दिल्याचें लिहिलें होतें. यंत्रानें ते आचार्यांस देऊन टाकले होते! ‘र’च्या एका आकड्यानें स्वयंपाकघरांतील पैसे मठांत गेले. सौभाग्यवती म्हणाली, “बरें झालें, आचारी आतां मागायला येणार नाहींत.” लातूरच्या बाजूनें बंधूंनीं वहींतील आंकड्यांच्या बेरजा पुन्हां तपासल्या, त्यांत आमच्या दोन चुका आणि आजोबांची एक चूक सांपडली. ती आजोबांची चूक आम्हीं तशीच ठेवली आहे.

मार्गशीर्षांत, दत्तजयंतीच्या सुमारास, चारशें बारा पानें पुरीं झालीं. त्यांच्या तीन प्रति केल्या. एक बाहेरील तबकडीवर, जी काम होतांच संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावयाची, म्हणजे खंडणी मागणारा चोर शिरला तरी त्याचा हात तिच्यापर्यंत पोंचणार नाहीं. दुसरी लातुरास बंधूंच्या घरीं. तिसरी कागदावर छापून, बांधून घेतली. एकाच गांवीं सारें ठेवूं नये, हें लातूर जिल्ह्यास निराळें सांगावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी परिसरांत घरेंच्या घरें जमीनदोस्त झालीं, तेथें पेट्या-पोथ्यांची काय कथा? आणि २०२५ च्या पावसाळ्यांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली, तेव्हां गोदावरीचें पाणी चढत असतांना आम्हीं स्वतः मोडी वह्या फळीवरून माळ्यावर नेल्या होत्या.

प्रति केल्या एवढ्यानें भागत नाहीं. त्या उघडून पाहाव्या लागतात. पुतण्यानें तीच प्रत विंडोजवर, लिनक्सवर आणि भ्रमणध्वनीवर उघडून दाखविली. तिन्ही ठिकाणीं अक्षर न् अक्षर तेंच दिसलें, तेव्हां आम्हांस खरें हायसें वाटलें.

एवढें झाल्यावर संगणकाचा निर्णय पांच मिनिटांत झाला. मुदत संपण्यापूर्वींच आम्हीं एक वर्षाचें वाढीव संरक्षण घेऊन ठेवलेलें होतें. त्या वर्षांत सूनबाईंनीं आपले व्यवहार पूर्ववत् चालवावे. घरांतून दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकावी. आणि वाढीव मुदत सरण्याच्या आंत पैशांच्या कामासाठीं नवा, विंडोज ११ चालणारा संगणक घ्यावा. जुन्या संगणकास मात्र भंगारांत घालावयाचें नाहीं. मुदत सरतांच त्याच्यावर पुतण्यानें लिनक्स चढवावें, आणि नातवाचा अभ्यास व आमचें लेखन त्यावर चालावें. या व्यवस्थेंत बंधूंची काटकसर राहिली, सूनबाईंची सुरक्षितता राहिली, पुतण्याची हौसहि राहिली. एकत्र कुटुंबांत निर्णय असाच व्हावा लागतो. ज्याचा आग्रह सर्वस्वीं मोडला, तो पुढच्या बैठकीस येत नाहीं.

या अनुभवावरून जें कांहीं शिकलों, तें वाचकांपुढें ठेवतों. नव्या प्रणालीचें रूप सुंदर आहे, म्हणून घाईनें तिच्यामागें धांवूं नये. जुन्या प्रणालीचें संरक्षण चालू आहे, तोंवर थांबण्यांत तोटा नाहीं. कारभारीच बदलावयाचा असेल, तर कांहीं महिने दुसऱ्यांचा अनुभव पाहून मग बदलावा. परंतु फटी बुजविणाऱ्या मासिक दुरुस्त्या मात्र आळसानें टाळूं नयेत. संरक्षण संपलें, कीं त्या यंत्रावर पैशांचे व्यवहार करूं नयेत. मग तें कितीहि सुरळीत चालत असो. आणि कोणताहि बदल करण्यापूर्वीं घरांतील जें पुन्हां मिळणार नाहीं, तें प्रथम शोधून काढावें. यंत्र पुन्हां मिळतें, प्रणाली पुन्हां मिळते. पत्रें, आवाज, छायाचित्रें आणि वह्या मिळत नाहींत.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. जें मिळालेलें नाहीं, तें मिळविणें हा योग. जें मिळालेलें आहे, तें राखणें हें क्षेम, असा अर्थ गीतेवरील भाष्यांत शंकराचार्यांनीं केला आहे. नवी प्रणाली घ्यावी कीं नाहीं, हा वाद आम्ही माजघरांत योगाचा म्हणून घालीत होतों. घरच्या गृहिणीनें तो क्षेमाचा आहे, हें एका प्रश्नांत दाखवून दिलें. तिनें तो सहा वर्षांपूर्वीं विचारला असता, किंवा आम्हांसच तो सुचला असता, तर वडिलांचा आवाज आज घरांत असता.

असो. दत्तजयंतीनंतर दोन दिवसांनीं लातूरहून नातीचा दूरध्वनि आला. अभ्यासाच्या मधल्या सुटींत तिनें आपल्या भ्रमणध्वनीवर खापरपणजोबांची वही उघडली होती. शके १८७० च्या भाद्रपदांतील, निजामाच्या शरणागतीनंतरची नोंद तिनें आम्हांस वाचून दाखविली. आधीं ज्वारीचा भाव होता, मग दिव्याच्या तेलाचा. आणि शेवटीं एवढेंच, कीं कित्येक महिन्यांनीं आज ओसरीचें दार उघडें टाकून निजलों. थोडा वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “आजोबा, हें तर मला वाचतां येतें.”